औषधाचा रिकामा डबा खरंच रिकामा असतो का?



घातक कचरा म्हटले की कारखाना डोळ्यांसमोर येतो. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात मात्र तो कपाशीच्या बांधावरही पडलेला असतो. कीटकनाशकाला आपण 'औषध' म्हणतो, म्हणून त्याचा डबा घरात वापरायला भीती वाटत नाही. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. डबा उपडा केला तरी तशाच विषाचा थोडा अंश आत चिकटून राहतो. म्हणून एवढे करावे:

१. पंप भरतानाच, हातमोजे घालून, रिकाम्या डब्यात पाव भाग पाणी घालावे. झाकण लावून अर्धा मिनिट हलवावे व ते पाणी पंपातच ओतावे. असे तीन वेळा करावे. औषधही वाया जात नाही.

२. मग डब्याला भोके पाडावीत, म्हणजे त्यात कोणी पाणी, तेल किंवा धान्य भरणार नाही.

३. डबा विहिरीवर किंवा नाल्यात धुऊ नये. जाळूही नये, धूर विषारी असतो.

४. भंगारात न देता मुलांच्या हाताला लागणार नाही असा वेगळा ठेवावा आणि कुठे जमा करायचा ते कृषी विस्तार अधिकाऱ्यांना विचारावे.

२०१६ च्या घनकचरा नियमांत हे डबे, ट्यूबलाइट, बॅटऱ्या व मुदत संपलेली औषधे 'घरगुती घातक कचरा' ठरवली होती. त्यामुळे शहरातील घरांनीही त्यांची वेगळी पेटी ठेवावी.

बहुतेक घरी फवारणी मजूर करतात. त्यांनाही हे आवर्जून सांगावे, कारण पहिला धोका त्यांनाच आहे.