घरांतील संगीतयंत्र : खर्च कोठें करावा?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत पळस उदंड. त्यावर पोसणाऱ्या किड्याची लाख हीच एके काळीं मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीचा प्राण होती. अशा तबकड्या आजहि कित्येक घरांच्या माळ्यावर असतात. नातवंडांना मात्र स्टीरिओ यंत्र सुधारून हवें असतें. पैसा मोजका, तेव्हां क्रम ठरविणें अगत्याचें.

प्रथम सुई. १९४८ सालीं निघालेल्या ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीची खांच अरुंद. जुनीची तिच्या कैक पट रुंद. बारीक टोंक रुंद खांचेच्या तळाशीं घसरतें व खरखर ऐकूं येते. म्हणून दोन्हींना निरनिराळी सुई घ्यावी, आणि यंत्र ७८ फेरे फिरतें कीं नाहीं हेंहि पाहावें.

मग ध्वनिक्षेपक. नवे घेण्यापूर्वीं आहेत तेच कोपऱ्यांतून काढून भिंतीपासून हातभर पुढें ठेवावे. खर्जाचा घुमारा कमी होतो. जमिनीवर जाड सतरंजी अंथरावी. यास पैसा पडत नाहीं.

अॅम्प्लिफायर शेवटीं. त्याची शक्ति दुप्पट केली तरी आवाज तीनच डेसिबलनें वाढतो.

आणि एक सूचना गृहिणींस. आमच्याकडील उन्हाळा प्रखर व पावसाळा दमट. तबकड्या उन्हापासून दूर, उभ्या ठेवाव्या. बुरशी आल्यास लाखेच्या तबकडीस स्पिरिट कदापि लावूं नये. लाख त्यांत विरघळते. यंत्र उद्यां नवें मिळेल; विरघळलेला सूर पुन्हां मिळावयाचा नाहीं.