टायबरच्या वरच्या खोऱ्यात एक दिवस

इटलीला जाणारी आपली मंडळी रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस अशी त्रिस्थळी यात्रा करून परततात. ती अवश्य करावी. परंतु एक दिवस राखून भाड्याची मोटार घ्यावी आणि आरेझ्झो शहरातून पूर्वेकडे, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात उतरावे. रोममध्ये संथ आणि इतिहासाने जड झालेली दिसणारी ही नदी येथे अजून लहान आहे. आपल्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवानाही जवळ असावा. गावाच्या वेशीपाशी लाल वर्तुळाची पाटी दिसली की मोटार बाहेरच ठेवावी. जुन्या पेठांत परक्या गाड्यांना मज्जाव असतो, आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी थेट घरी येते!

पहिला मुक्काम मोन्तेर्की. टेकडीवरचे एवढेसे गाव. पण पंधराव्या शतकातील चित्रकार पिएरो देल्ला फ्रान्चेस्का याची गर्भवती मेरी येथे आहे. दोन देवदूत तंबूचे पडदे दोहोंकडे सारीत आहेत आणि मधोमध निळ्या वस्त्रातील मेरी पोटावर हात ठेवून उभी आहे. डोहाळजेवणाला सजून बसलेल्या आपल्याकडील लेकीसुनांच्या मुद्रेवर जो लाजरा आनंद असतो, तो हिच्या मुद्रेवर नाही. ती गंभीर, किंचित थकलेली आणि स्वतःच्या आतच कान देऊन असलेली वाटते. गर्भवती स्त्रीकडून येथे तिकिटाचे पैसे घेत नाहीत. हा रिवाज मला चित्राइतकाच आवडला.

पुढे आंगियारी. येथे २९ जून १४४० रोजी फ्लॉरेन्सने मिलानच्या सैन्याचा पराभव केला. या लढाईत एकच माणूस मेला आणि तोही घोड्यावरून पडून, असे माकियाव्हेलीने लिहून ठेवले आहे. भाडोत्री सैन्यांविषयी त्याला इतका तिटकारा होता की त्याच्या या विधानातील थट्टा वजा करूनच ते वाचावे. गावातून खाली निघालेला रस्ता मात्र पाहण्याजोगा. ओळंबा लावून आखावा तसा तो सरळ सान्सेपोल्क्रोच्या दिशेने जातो.

सान्सेपोल्क्रो हे पिएरोचे जन्मगाव. त्याचे 'पुनरुत्थान' हे भित्तिचित्र येथील संग्रहालयात आहे. थडग्यातून उठलेला ख्रिस्त समोर रोखून पाहतो आहे आणि पायाशी पहारेकरी शिपाई गाढ झोपले आहेत. इंग्रज लेखक आल्डस हक्सले याने १९२५ साली हे जगातील सर्वोत्तम चित्र असल्याचे लिहिले. १९४४ साली टोनी क्लार्क या ब्रिटिश तोफखाना अधिकाऱ्याला या गावावर मारा करण्याचा हुकूम होता. मारा सुरू झाला, आणि त्याला वाचलेला तो लेख आठवला. त्याने तोफा थांबविल्या. जर्मन सैन्य गावातून आधीच निघून गेले होते. गावाने त्याचे नाव एका रस्त्याला दिले आहे.

गावाबाहेर थोड्याच अंतरावर कोस्पाया ही वस्ती लागते. सीमाभागातील वाचकांनी येथे मुद्दाम थांबावे. आंगियारीच्या लढाईच्याच सुमारास पोपने पैशांच्या व्यवहारापोटी सान्सेपोल्क्रो फ्लॉरेन्सला दिले आणि 'रियो' नावाचा ओढा सीमा ठरला. परंतु त्या नावाचे ओढे दोन! प्रत्येक बाजूने आपल्याकडचा ओढा धरला आणि मधली चिंचोळी पट्टी कोणाचीच राहिली नाही. रहिवाशांनी तात्काळ स्वतःला स्वतंत्र म्हणवून घेतले. कर नाही, फौज नाही. चर्चच्या दारावर शाश्वत स्वातंत्र्याची लॅटिन अक्षरे. हे प्रजासत्ताक १८२६ पर्यंत टिकले. पोटापाण्याचे साधन म्हणाल तर तंबाखू. इटलीत ती प्रथम लावणाऱ्यांत ही मंडळी होती. निपाणीकडच्या वाचकांना या भागातील तंबाखू वाळविण्याच्या इमारती पाहून घरच्याची आठवण होईल. नकाशावरच्या रेघेने माणसांचे भले झाल्याची उदाहरणे फार थोडी. हे त्यांपैकी एक.

येथून दक्षिणेकडे जाणारा मोठा रस्ता फुकट आहे, आणि खड्ड्यांवरून ते कळतेही. चित्ता दि कास्तेल्लो मागे टाकून मोन्तोने गावाचा चढ चढावा. तटबंदी, अरुंद बोळ, खाली ऑलिव्हच्या बागा. याच टापूत १० जुलै १९४४ रोजी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सारे ठार वा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी मशीनगन निकामी केली, एकाला गोळी घातली. काडतुसे भरण्यास उसंत नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या घावांनी लोळविले. मग दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. वय अवघे बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. थडगे कोठेच नाही. कासिनोच्या स्मारकावर नाव तेवढे आहे, आणि कोकणात माणगावला पुतळा.

त्या पलटणींचे आजचे केंद्र आपल्या बेळगावात. तरी मोन्तोनेचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले असेल? तेथील लोकांनी मात्र ते नाव विसरू दिले नाही. जुलै २०२३ मध्ये गावात घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघडी उभी राहिली. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन तिच्याशी जोडलेले आहे. ही सूर्यघडी पाहायची तर ऊन असतानाच पोहोचावे. त्यासाठी सान्सेपोल्क्रोत जेवणावर फार वेळ घालवू नये. दुपारी एकनंतर तेथील बहुतेक दुकाने तशीही साडेतीनपर्यंत बंद असतात.