भोपळ्याची बी: आधी वाळवा, मग वाद घाला

लाल भोपळा चिरला की गराच्या तंतूंत गुंतलेल्या बिया सालींबरोबर कचऱ्यात जातात आणि त्याच घरात सुकामेव्याच्या दुकानातून आणलेल्या सोललेल्या हिरव्या बियांची बरणी फळीवर असते. खरे तर भोपळ्याची वेल माणसाने जोपासली तीच मुळात बियांसाठी असावी. रानभोपळ्यांचा गर कडूजहर असतो. खाण्यासारखी असते ती बी. मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यातील गिला नाकिट्झ गुहेत सापडलेल्या लागवडीच्या भोपळ्याच्या बिया सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या ठरल्या आहेत. आता या बियांना पुन्हा मान मिळतो आहे, पण त्याबरोबर एक हट्टही आला आहे: बी कच्चीच खावी, भाजली की सत्त्व गेले. या हट्टाला आधार तोकडा आहे. बीचे बरेवाईट कढईत ठरत नाही, ते त्याआधी, वाळवताना ठरते.

अमेरिकेच्या कृषी खात्याचे आहारतक्ते पाहा. शंभर ग्रॅम वाळलेल्या कच्च्या बियांत प्रथिने सुमारे ३० ग्रॅम, मॅग्नेशियम ५९० मिलिग्रॅम, जस्त ७.८ आणि लोह ८.८ मिलिग्रॅम. भाजलेल्या बियांत प्रथिने जवळपास तेवढीच, मॅग्नेशियम ५५०, जस्त ७.६ आणि लोह ८.१. एवढा फरक दोन शेतांतल्या मालातही पडू शकतो. खनिजे काही आचेवर जळत नाहीत. यावर उत्तर येते की भाजल्याने जिवंत विकरे, म्हणजे एन्झाइम, मरतात. मरतात हे खरे, पण ती विकरे रोपाच्या कामाची. आपल्या जठरात ती इतर प्रथिनांसारखीच पचून जातात. तेलाचा आक्षेप मात्र रास्त आहे. बीतल्या गराचे जवळजवळ निम्मे वजन तेलाचे आणि त्यात लिनोलेइक आम्ल भरपूर, म्हणून बी करपवली तर तेल बिघडते. पण हे मंद आचेवर भाजण्याचे कारण झाले, न भाजण्याचे नव्हे. राहिले फायटिक आम्ल. लोह आणि जस्त धरून ठेवणारे हे द्रव्य रात्रभर भिजवल्याने निघून जाते, असे ठामपणे सांगितले जाते. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात बदाम, शेंगदाणे, अक्रोड भिजवून तपासले, तेव्हा त्यात नाव घेण्यासारखी घट दिसली नाही. भोपळ्याची बी निराळी असली तरी नुसत्या पाण्याकडून फार आशा धरू नये. खाताना लिंबू पिळावे. लोह शोषायला त्याची मदत होते.

वाळवणे हे कंटाळवाणे पण निर्णायक काम. ताज्या बीला गराचा बुळबुळीत थर असतो. तो पाण्यात चोळून काढला नाही तर बिया एकमेकींना चिकटून वाळतात आणि मधे ओल धरून राहतात. फडक्याने टिपून त्या सुपात एकेरी पसराव्यात, कडक ऊन द्यावे आणि संध्याकाळी दव पडायच्या आत घरात घ्याव्यात. बी वाकवली की लवत असेल तर आत अजून पाणी आहे; वाळलेली कट्कन मोडते, तिचे पांढरे टरफल सुटून येते आणि हिरवट पापुद्र्यातला गर अख्खा हाती लागतो. अर्धवट वाळलेली बी डब्यात भरली की बुरशी धरते. त्यातली अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते आणि हे विष घरगुती भाजण्याने पुरते नष्ट होत नाही. कुबट वासाची बी भाजून सुधारेल ही समजूत म्हणूनच धोक्याची. उलट बाजूही सांगायला हवी: साल्मोनेलासारखे जंतू कोरड्या बीवरही तग धरतात, तेव्हा गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि आजारी माणसे यांना भाजलेलीच द्यावी. बाकीच्यांनी चांगली वाळलेली कच्ची बी खुशाल चावून खावी.

कच्च्या बीच्या बाजूने आणखी एक साक्ष काढली जाते, जंतांची. ती अगदीच पोकळ नाही. बीतल्या क्युकरबिटिन या अमिनो आम्लाने कृमी लुळे पडतात आणि अमेरिकेच्या अधिकृत औषधसूचीत या बिया १८६३ ते १९३६ पर्यंत होत्या. पण औषध म्हणून त्यांची मात्रा मूठभर नसे, आणि आज अल्बेंडाझोलची गोळी स्वस्त आणि अधिक खात्रीची आहे. चव कडू लागली तर मात्र कच्ची की भाजलेली हा प्रश्नच उरत नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसे दगावल्याच्या घटना आपल्याकडे घडल्या आहेत. त्यातली क्युकरबिटासिन ही द्रव्ये भोपळ्यातही उतरू शकतात आणि ती शिजवल्या-भाजल्याने जात नाहीत. अशी बी तिखटमीठ लावून खपवू नये, थुंकून टाकावी आणि त्या भोपळ्याची भाजीही करू नये.