बंदूक दुरुस्त करणाऱ्यांनी घडविलेली गळाची काठी

मिरजेत एकोणिसाव्या शतकात जे घडले त्यासारखेच काही जवळपास त्याच काळात दूर अमेरिकेतही घडले, हे आपल्या कारागीर बांधवांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. तलवारींना धार लावणारे, हत्यारे घासूनपुसून लखलखीत करणारे मिरजेचे शिकलगार हत्यारांचे दिवस सरल्यावर तंबोरे आणि सतारी घडवू लागले. फरीदसाहेबांचे नाव या परंपरेच्या आरंभी घेतले जाते. त्याच मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अमेरिकेत पेनसिल्वेनिया राज्यातील ईस्टन गावी सॅम्युअल फिलिपी नावाचा बंदुका दुरुस्त करणारा एक कारागीर होता. फावल्या वेळात तो व्हायोलिनही बनवी. १८४० च्या दशकात त्याने बांबू उभा चिरून, त्याच्या पट्ट्या पुन्हा एकमेकींना चिकटवून गळाची काठी तयार केली. त्या देशात या हुन्नराची सुरुवात त्याच्यापासून धरतात.

आपल्या कोकणात गरवायला जाणारा माणूस बांबूची सरळ काठी तोडतो, टोकाला दोरी बांधतो आणि काम भागवतो. मग तोच बांबू आधी फाडायचा आणि नंतर पुन्हा जोडायचा, हा उपद्व्याप कशासाठी? कारण सारे बळ बांबूच्या सालीलगतच्या धाग्यांत असते. आतला गर ठिसूळ आणि पोकळी तर निरुपयोगीच. म्हणून फक्त सालीकडच्या पट्ट्या घ्यायच्या, प्रत्येकीला रंध्याने तीन कोनांची करायची आणि अशा सहा पट्ट्या एकत्र चिकटवायच्या, की आतून भरीव, बाहेरून षट्कोनी आणि सर्व बाजूंनी सारखी लवचीक काठी तयार होते. प्रत्येक पट्टीचा कोन ६० अंशांचा. सहा साठे तीनशेसाठ, हिशेब पुरा!

कलकत्त्याचा बांबू आणि चीनचा बांबू

या धंद्याचा सुरुवातीचा कच्चा माल आपल्या देशातून जात असे. कलकत्ता बंदरातून चढणारा म्हणून त्याचे नावच ‘कलकत्ता केन’ पडले. ज्याला आपल्याकडे मानवेल म्हणतात त्याच जातीशी जाणकार त्याची ओळख लावतात. एकोणिसाव्या शतकातल्या नामांकित अमेरिकन काठ्या याच बांबूच्या आहेत. त्यांच्या पट्ट्यांवर भाजल्याचे काळे डाग दिसतात आणि त्या डागांवरूनच जुन्या वस्तूंचे शौकीन आज तो बांबू ओळखतात.

विसावे शतक लागले आणि हे गिऱ्हाईक हातचे गेले. दक्षिण चीनमधील ग्वांगडाँग प्रांतात, सुइ नदीच्या खोऱ्यात होणारा एक बांबू बाजारात आला. त्याला ‘टोंकिन’ म्हणू लागले. खरे तर टोंकिन हा व्हिएतनामचा उत्तर भाग, त्याचा या बांबूशी संबंध नाही, पण व्यापारात एकदा चिकटलेले नाव सुटत नाही. हा बांबू सरळ, त्याची पेरी लांब, गाठी कमी उठावाच्या आणि सालीखालचा धाग्यांचा थर दाट. कारागिराच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की गाठ घासायला कमी वेळ लागतो आणि माल वाया कमी जातो. मॅक्लूर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३१ साली त्याला शास्त्रीय नाव दिले, त्यात ‘अमाबिलिस’ म्हणजे ‘लोभस’ असा शब्द घातला. आपला बांबू आधी पोहोचला असूनही मागे पडला. गाठी घासण्यात ज्याचा दिवस जातो तो कारागीर दुसरा माल मिळताच जुन्याकडे पाठ फिरवतो, मग भाव काहीही असो.

पुढे चीनच्या मालावरही पाळी आली. कोरियाच्या युद्धात, १९५० च्या डिसेंबरात, अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. ज्यांच्या गोदामात बांबू शिल्लक होता ते तग धरून राहिले. त्याच सुमारास काचतंतूच्या काठ्या आल्या. त्या स्वस्त होत्या, ओल्या झाल्या तरी बिघडत नव्हत्या आणि यंत्रावर हव्या तितक्या निघत. १९७० च्या दशकात कार्बनच्या धाग्यांच्या काठ्या आल्या, त्या तर काचतंतूपेक्षाही हलक्या. बांबूची काठी संपली, असे सर्वांनी धरून चालले.

कुलूपबंद खोली आणि उघडे पुस्तक

ती संपली नाही, उलट घराघरांत नव्याने बनू लागली. याचे कारण आपल्या कारखानदारांनी लक्षात घेण्यासारखे आहे.

फिलिपीनंतरचा मोठा उस्ताद म्हणजे मेन राज्यातील बँगोर गावचा हायरम लिओनार्ड. तोही मूळचा बंदुकांचाच कारागीर. १८७१ च्या सुमारास तो काठ्यांच्या धंद्यात पडला. पट्ट्यांना अचूक कोन देणारे यंत्र त्याने तयार केले आणि ते कुलूपबंद खोलीत ठेवले. बाहेरच्या माणसाला तिकडे फिरकण्याची मनाई होती. पण व्हायचे तेच झाले. पेन, थॉमस, एडवर्ड्स हे त्याच्याच हाताखाली शिकलेले कारागीर एकेक करून बाहेर पडले, त्यांनी आपापली दुकाने थाटली आणि त्यांची नावे उस्तादाच्या बरोबरीने घेतली जाऊ लागली. गुपित राखल्याने धंदा राखला जातो, ही समजूत आपल्याकडच्या कारखान्यांतही आहे. गुपित शेवटी कारागिराच्या हातात असते आणि हात पायांबरोबर चालता होतो.

याच्या नेमके उलट वागला तो न्यूयॉर्क राज्यातला एव्हरेट गॅरिसन. शिक्षणाने इंजिनिअर, काठ्या करायचा त्या आवडीपोटी, पण प्रत्येक काठीचे माप गणिताने काढायचा. त्याच्याजवळ होगी कारमायकल नावाचा एक तरुण शिकत होता. १९७५ साली गॅरिसन वारला. कारमायकलने त्याचे सारे ज्ञान पुस्तकात उतरवून १९७७ मध्ये ते छापले. बांबू कसा फाडायचा, गाठ कशी सरळ करायची, रंधा कसा धरायचा, कोणत्या इंचाला जाडी किती ठेवायची, काहीच हातचे राखले नाही. त्या पुस्तकावरून सुतार, शिक्षक, डॉक्टर, निवृत्त झालेले लोक आपल्या घरातल्या तळघरात वा गाडीच्या शेडमध्ये काठ्या बनवू लागले. त्यातल्या काहींचा छंद पुढे धंदा झाला. आज अशा कारागिराने हाताने केलेल्या एका काठीला हजार डॉलरच्या वर किंमत येते.

या कामाला यंत्रसामग्री म्हणाल तर फारशी नाही. एक चांगला रंधा, जाडी मोजायचे डायल गेज आणि पोलादी साचा. साचा म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन लांब पट्ट्या. त्यांच्यामधून तिकोनी खाच जाते आणि दर ५ इंचांवरच्या स्क्रूने ती कमी-जास्त करता येते. पट्टी खाचेत ठेवायची आणि रंधा पोलादाला टेकेपर्यंत मारायचा. सालीच्या बाजूला मात्र रंधा लावायचा नाही, कारण बळ तिथेच आहे. टोकाकडे पट्टी इतकी बारीक होते की इंचाचे हजार भाग केले तर त्यांतले ३०-३५ भाग तिची जाडी. माणसाचा केस साधारण ३ भागांचा असतो, यावरून अंदाज यावा. मधल्या टप्प्यावर पट्ट्या भट्टीत भाजतात म्हणजे ओल जाते आणि ताठपणा येतो. सहा पट्ट्यांच्या गाठी एकाच जागी येऊ देत नाहीत, नाही तर काठी तिथेच मोडायची. सगळे धरून एका काठीला चाळीस-पन्नास तास सहज लागतात.

ज्यांना एवढे जमत नाही असे शौकीन कार्बनची कोरी काठी विकत आणून तिच्यावर मूठ, रीळ बसवायची बैठक आणि दोरीच्या कड्या स्वतः बसवतात. आज छंद म्हणून काठी बनविणाऱ्यांत यांचीच संख्या मोठी. कड्या जपानी, आत सिरॅमिकची गुळगुळीत रिंग असलेल्या. मूठ बुचाच्या चकत्यांची. बूच येते मुख्यतः पोर्तुगालहून. तिथे झाड २५ वर्षांचे झाल्यावर पहिली साल काढतात आणि पुढे दर ९ वर्षांनी. अर्धा इंच जाडीच्या चकत्या एकीवर एक चिकटवून लेथवर काचपेपरने मुठीला आकार देतात. मग कडीचा पाय काठीवर टेकवून त्यावर रेशमी किंवा नायलॉनचा दोरा वेढ्याला वेढा भिडवून गुंडाळायचा आणि दोऱ्याचे टोक गाठ न मारता वेढ्यांखालून ओढून घ्यायचे. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधणाऱ्या मिरजेच्या कारागिराला हे काम पाहताच समजेल. वरून इपॉक्सी लावले की ते ओघळू नये म्हणून काठी मंद गतीच्या मोटरवर तासन् तास फिरत ठेवतात. पुष्कळ शौकीन त्यासाठी कोंबडी भाजायच्या सळईची मोटर वापरतात!

दुरुस्ती कुठे थांबवावी

नव्या काठीपेक्षा जुनी काठी नीट करणे अवघड. इथे हाताइतकीच नजर लागते. कारागिराचा पहिला मोह असतो तो सगळे खरवडून, घासून, चकाचक करण्याचा. जुन्या नामांकित काठीच्या बाबतीत तोच घात करतो. काचपेपर जरा जास्त फिरला की षट्कोनाच्या कडा गोल होतात, सालीलगतचे धागे जातात. काठी दुबळी होते आणि शौकिनाच्या लेखी तिची किंमतही उतरते. मूळ दोऱ्याचा रंग, कड्यांमधली अंतरे, वेढ्यांची संख्या ही सारी त्या कारखान्याची सही असते. ती उतरवून ठेवल्याशिवाय एकही वेढा सोडू नये. रेशीम वॉर्निशखाली पारदर्शक होते आणि रंग पार बदलतो, म्हणून जुना रंग कोणता हे वॉर्निशवरून नव्हे, वेढ्याच्या आतल्या बाजूवरून पाहावे लागते.

दोन तुकडे जोडणारी धातूची नळी सैल झाली असेल तर ती उगाच ओढू नये. पुष्कळदा तिच्यात आरपार एक बारीक खिळा असतो. तो आधी काढून मग हलकी धग द्यायची. ही नळी निकेल सिल्व्हरची, म्हणजे ज्याला आपल्याकडचे भांडीवाले जर्मन सिल्व्हर म्हणतात तीच. नाव चांदीचे, आत तांबे, निकेल आणि जस्त. वाकलेली काठीही धग देऊन सरळ होते, पण जुन्या काठ्यांचा सरस जनावरांच्या कातड्याचा असतो. धग जरा वाढली की सहाही पट्ट्या मोकळ्या! ओलीचेही तसेच. इंग्रज अधिकारी हिंदुस्थानच्या नद्यांत महसीर धरायला अशा काठ्या आणीत. मद्रासच्या मुलकी सेवेतील हेन्री थॉमस यांनी १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तकच लिहिले. त्या काळची एखादी काठी जुन्या सामानाच्या बाजारात हाती लागलीच, तर आपल्या पावसाळ्यांनी तिचा सरस किती खाल्ला आहे, हे आधी पाहावे.

आणि हिशेब विसरू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने लाकडी पेट्यांतून ढिगाने पाठवलेल्या काठ्या आजही स्वस्तात मिळतात. त्या दुरुस्त करण्यात जो वेळ जातो त्याची मजुरी काठीच्या किमतीपेक्षा जास्त होते. त्या हात बसवायला घ्याव्यात, धंद्याला नव्हे.

मग आपण यात पडावे काय? माझे मत विचाराल तर बांबूची काठी बनवून परदेशी विकण्याची घाई करू नये. सिंधुदुर्गात बांधाबांधावर होणारा माणगा भरीव आणि सरळ आहे हे खरे. २०१७ च्या कायदादुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला, त्यामुळे शेतातला बांबू तोडण्या-नेण्याची अडचणही पुष्कळ कमी झाली. पण सहा पट्ट्यांच्या काठीला तो किती चालतो, हे कोणी तरी शंभर-दोनशे पट्ट्या रंधून, वाकवून, मोडून पाहिल्यावरच कळेल. तोवर ज्याच्याकडे लेथ आहे आणि बोटांत दोरा गुंडाळण्याची सफाई आहे त्याने काचतंतूच्या आणि कार्बनच्या मोडक्या काठ्यांपासून सुरुवात करावी. तुटलेले टोक, निखळलेली कडी, कुजलेली मूठ ही कामे कुठल्याही किनाऱ्यावर निघतात. भांडवल थोडे, उधारी नाही.

जुनी किमती काठी कोणी आणून दिली तर मात्र हात लावण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : ही भिंतीवर लावायची आहे की हिने मासे धरायचे आहेत? दोहोंची मजुरी वेगळी आणि काम वेगळे. काय बदलले ते बिलावर स्पष्ट लिहून द्यावे, नवे टोक बसवले असेल तर तेही. पुढच्या गिऱ्हाइकाला ते टोक मूळचे म्हणून विकले गेले, तर बोलणी काठी विकणाऱ्याला बसत नाहीत, नीट करणाऱ्याला बसतात.