स्थलांतरितांचा सेतू

भिलाईतील माणसाला त्याचे गाव विचारले, तर बहुधा दोन उत्तरे मिळतात. पहिले उत्तर राहत्या सेक्टरचे असते आणि दुसरे आजोबांच्या गावाचे. ते दुसरे गाव केरळात असेल, आंध्रात असेल, पंजाबात, बिहारात, बंगालात किंवा विदर्भातही असेल. 2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती आणि त्या राज्याच्या कारभारात हिंदीबरोबर मराठीलाही स्थान होते. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या चार वर्षांत भाताच्या खाचरांवर एक शहर उभे राहिले, आणि ते उभारणारे हजारो हात दूरदूरच्या प्रांतांतून आलेले होते.

अशा वसाहतीपुढे केव्हा ना केव्हा एक प्रश्न उभा राहतो. ज्यांनी आपला मुलूख सोडून हे गाव वसविले, त्यांचे स्मरण कसे करावे? पुतळा उभारावा, तर तो कोणा एकाचा होतो. ही मंडळी तर अगणित आणि अनाम. स्तंभ उभारावा, तर त्याच्याकडे दोन-चार वर्षांनी कोणी मान वर करून पाहत नाही. मग लोकांच्या उपयोगी पडेल असे काही बांधावे, ही कल्पना साहजिकच पुढे येते. आपल्याकडे ती जुनीच आहे. कोणाच्या स्मरणार्थ विहीर खणावी, घाट बांधावा, धर्मशाळा उभारावी, ही रीत महाराष्ट्रातील गावोगावी दिसते. तहानेला पाणी मिळावे आणि त्या निमित्ताने गेलेल्याचे नाव निघावे, हा त्यामागील भाव.

हाच विचार एका दूरच्या देशात पुलाच्या रूपाने पुढे आला आणि त्यावरून मोठा वाद माजला. तो वाद ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरा येथे झाला. भिलाईसारख्या शहराने तो समजून घ्यावा असा आहे, कारण कॅनबेरा हे शहरही आखून वसविलेले आणि बाहेरून आलेल्या माणसांनी भरलेले आहे. त्याचा आराखडा 1912 साली एका जागतिक स्पर्धेतून निवडला गेला. तो करणारे वॉल्टर बर्ली ग्रिफिन आणि त्यांच्या पत्नी मॅरियन महोनी हे दांपत्य अमेरिकेतील शिकागोचे होते. याच ग्रिफिन यांनी आयुष्याची अखेरची वर्षे भारतात काढली आणि 1937 साली लखनौ येथे त्यांचा अंत झाला. ज्याने राजधानीची कल्पना रेखाटली, तोच असा दोनदा देशांतर केलेला माणूस होता. कॅनबेऱ्याच्या मध्यभागी त्यांच्या नावाचे सरोवर आहे. नदीला बांध घालून तयार केलेल्या या जलाशयाचे उद्घाटन 1964 साली झाले.

ऑस्ट्रेलियाने 1945 साली स्थलांतराचे स्वतंत्र खाते उघडले. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपातून प्रथम माणसे आली. गोऱ्या वंशापुरते दार उघडे ठेवणारे धोरण 1973 साली पूर्णपणे गेल्यावर आशियातूनही लोक येऊ लागले. त्यांनी केलेल्या कामाचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे स्नोई पर्वतातील जलविद्युत योजना. 1949 ते 1974 या पंचवीस वर्षांत एक लाखाहून अधिक कामगार तेथे राबले. ते तीसहून अधिक देशांतून आले होते. धरणे, बोगदे आणि वीजघरे बांधताना त्यांतील 121 जणांना प्राण गमवावे लागले. ज्या देशाची वीज अशा हातांनी निर्माण झाली, त्याच्या राजधानीत त्या हातांचे स्मारक असावे, ही इच्छा कोणालाही रास्तच वाटेल.

या इच्छेतून 'इमिग्रेशन ब्रिज' या नावाची योजना एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मांडण्यात आली. सरोवराच्या उत्तर काठावर ॲक्टन द्वीपकल्पात 2001 साली सुरू झालेले राष्ट्रीय संग्रहालय आहे. तेथून दक्षिण काठावरील लेनॉक्स उद्यानापर्यंत सुमारे चारशे मीटर लांबीचा, पायी चालणाऱ्यांसाठी पूल बांधावा, असे ठरले. पुलाच्या कठड्यावर स्थलांतरितांची नावे कोरली जाणार होती. एका नावासाठी 110 ऑस्ट्रेलियन डॉलर द्यावयाचे आणि त्या रकमेतून पुलाला हातभार लागावयाचा, अशी व्यवस्था होती. नातवंडांनी पुलावरून चालत जावे, कठड्यावर हात फिरवीत आजोबांचे नाव शोधावे, हे चित्र हृदयाला भिडणारे होते, आणि अनेक कुटुंबांनी पैसे भरलेही.

पुलाच्या बाजूने जे बोलले जाई, ते थोडक्यात असे. पूल हे स्थलांतराचे सर्वांत नेमके प्रतीक आहे, कारण एका काठावरून दुसऱ्या काठावर जाणे हाच स्थलांतराचा अर्थ होय. शिवाय तो नुसता पाहण्याचा नव्हे, वापरण्याचा आहे. ग्रिफिन यांच्या जुन्या आराखड्यातही या भागात सरोवरावर पूल कल्पिलेला होता, तेव्हा नवा पूल त्यांच्या विचाराशी सुसंगतच ठरेल, असाही दाखला दिला जाई.

विरोध करणाऱ्यांना स्थलांतरितांचा राग होता असे मात्र नव्हते. हे ध्यानात घेतल्याशिवाय या वादाचे मर्म कळत नाही. सरोवरात शिडाच्या होड्या आणि वल्ह्यांच्या नावा चालविणाऱ्यांची तक्रार साधी होती. पुलाचे खांब पाण्यात आले की मार्ग अडणार. शहराच्या आराखड्याचा अभिमान बाळगणाऱ्यांना वाटे, की सरोवराचा मोकळा विस्तार आणि त्यावरून दिसणारे डोंगर हाच या राजधानीचा खरा वारसा आहे. पूल त्या दृश्यावर आडवी रेघ ओढील. आणखी एक आक्षेप पैशांचा होता. पूल बांधण्यास अंतिम मंजुरी मिळालेली नसताना लोकांकडून नावांसाठी पैसे घेणे कितपत योग्य, असे विचारले जाऊ लागले.

अखेर हा विषय संसदेच्या संयुक्त समितीपुढे गेला. समितीने दोन्ही बाजूंची निवेदने मागविली, माणसे बोलावून त्यांचे म्हणणे ऐकले आणि 2009 साली आपला अहवाल दिला. त्यानंतरही मतभेद मिटले नाहीत. 2010 साली पुरस्कर्त्यांनी पुलाची कल्पना सोडून दिली आणि जमिनीवरील निराळ्या स्वरूपाच्या स्मारकाचा विचार हाती घेतला. जो पूल दोन काठ जोडण्यासाठी होता, त्याने माणसांचेच दोन काठ केले, आणि म्हणून तो झाला नाही.

याचा अर्थ स्थलांतरितांचा पराभव झाला असा घेणे चूक ठरेल. या वादाने तीन गोष्टी स्वच्छ केल्या. पहिली ही, की सन्मानाचा हेतू कितीही शुद्ध असो, जी जागा सर्वांची आहे ती सर्वांना विचारूनच घेतली पाहिजे. सरोवरात होडी घालणाऱ्यांत स्वतः स्थलांतरित किंवा त्यांची मुले नसतील कशावरून? एकाच्या स्मरणासाठी दुसऱ्याचा रोजचा आनंद हिरावला, तर ते स्मरण कायमचे रुसव्याचे कारण होऊन बसते.

दुसरी गोष्ट नावांची. नाव कोरण्यासाठी मूल्य घेणे ही काही कॅनबेऱ्याचीच रीत नाही. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावरील भिंतीवर आणि सिडनीच्या सागरी संग्रहालयाजवळ 1999 साली उघडलेल्या भिंतीवर नावे अशीच देणगीतून कोरली गेली. त्यात गैर काही नाही. स्मारकाला पैसा लागतोच. परंतु ज्याचे वंशज पैसे भरू शकतात त्याचे नाव राहते, आणि जो बोगद्यात निपुत्रिक मेला त्याचे राहत नाही, हा परिणाम टळत नाही. ज्यांना विसरले जाऊ नये म्हणून स्मारक उभे करावयाचे, त्यांतील सर्वांत विसरलेलेच बाहेर राहतात.

याच्या उलट उदाहरण मॉरिशसमध्ये आहे आणि मराठी माणसाचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे. 1834 पासून पुढे सुमारे पाऊण शतक भारतातून करारबद्ध मजूर उसाच्या मळ्यांत नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून निघालेली कोकणातील कुटुंबेही होती. तेथे आजही गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. पोर्ट लुई बंदरात ही माणसे ज्या दगडी पायऱ्या चढून जमिनीवर आली, तो पूर्वीचा कुली घाट आज आप्रवासी घाट म्हणून ओळखला जातो आणि 2006 साली त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. तेथे नवे काही बांधावे लागले नाही. जे उरले होते ते जपले, एवढेच. वसाहतीच्या दप्तरात प्रत्येक मजुराला क्रमांक देऊन त्याची नोंद ठेवलेली होती. राबवून घेण्यासाठी लिहिलेली ती दप्तरे आज पणतू-खापरपणतूंना आपल्या घराण्याचे मूळ सांगतात. तेथे नोंद होण्यासाठी कोणाला एक पैसाही द्यावा लागला नव्हता.

कॅनबेऱ्याच्या वादातून निघणारी तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. पुलाचे उत्तरेकडील टोक ज्या ॲक्टन द्वीपकल्पावर यावयाचे होते, तेथेच ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे. आलेल्यांचे गुणगान करताना, ज्यांच्या भूमीवर ते आले त्यांचे काय, हा प्रश्न त्या जागेनेच विचारला असता.

भिलाईला हा प्रश्न परका नाही. या नगरातील वसाहतींना सेक्टर एक, सेक्टर दोन असे क्रमांक आहेत; पण रिसाली, मरोदा, रुआबांधा ही नावे क्रमांकांत बसत नाहीत, कारण ती मूळच्या गावांची नावे आहेत. कारखान्यासाठी आणि वसाहतीसाठी ज्यांची शेते गेली, त्या छत्तीसगढी शेतकऱ्यांचा दुसरा कोणता स्तंभ तेथे शोधण्याची गरज नाही. रिसाली हा शब्दच त्यांची खूण आहे. 2021 च्या डिसेंबरात रिसाली नगर निगमाची पहिली निवडणूक झाली, तेव्हा ते जुने नाव एका नव्या शहराचे नाव म्हणून मतपत्रिकांपर्यंत पोहोचले. स्थलांतरिताने गाव सोडले, आणि त्याच्या येण्याने दुसऱ्याचे गाव जागच्या जागी नाहीसे झाले. स्मारक करावयाचे तर या दोघांचे एकत्र केले पाहिजे.

असे स्मारक कसे असावे, याचे उत्तर भिलाईला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा या गावात मिळते. जून 1977 मध्ये तेथे खाणकामगारांवर गोळीबार होऊन अकरा जण मृत्यू पावले. त्यांच्या स्मरणार्थ कामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमांतून 1983 साली शहीद रुग्णालय उभे केले. या कामगारांचे नेते शंकर गुहा नियोगी मूळचे बंगालचे. भिलाईत ते नोकरीसाठी आले आणि 1991 साली भिलाईतच त्यांची हत्या झाली. बाहेरून आलेला नेता, बहुतांशी छत्तीसगढी असलेले कामगार, आणि दोघांनी मिळून उभारलेली वास्तू. तेथे रुग्णाला त्याचा प्रांत विचारला जात नाही.

पूल बांधावा की न बांधावा, हे त्या त्या गावाने ठरवावे. पण ज्या पुलाला खरोखर दोन काठ जोडावयाचे आहेत, त्याचा पाया दोन्ही काठांवर घालावा लागतो. आलेल्यांच्या काठावर कृतज्ञता हवी आणि आधीपासून असलेल्यांच्या काठावर संमती हवी. या दोन्ही असल्या, तर साधी पाणपोईसुद्धा सेतूचे काम करते; आणि नसल्या, तर चारशे मीटरांचा पूलही पाण्यातच थांबतो.