जुना मूव्ही कॅमेरा विकण्याआधी त्याची लेन्स पाहा

मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर, जुन्या वस्तूंचा धंदा करणारे आमचे एक स्नेही आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांच्याकडे एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या गोदामातला माल आला. त्यात 35 मिलिमीटरचा एक आरीफ्लेक्स कॅमेरा होता. मोटर जळालेली, मॅगझिनचे झाकण वाकलेले, परंतु पुढच्या फिरत्या चकतीवर तिन्ही लेन्स जागच्या जागी. स्नेह्यांनी तो पुसून, लाकडी तिपाईवर चढवून दुकानाच्या दर्शनी भागात ठेवला. आठवड्याभरात एका हॉटेलमालकाने शोभेसाठी म्हणून तो उचलला. भाव मनासारखा मिळाला.

पुढच्याच महिन्यात चित्रपटाचे कॅमेरे भाड्याने देणारा एक तरुण दुकानात आला. त्याने एवढेच विचारले, "चाचा, त्याच्यावरच्या लेन्स कुठे गेल्या?" कॅमेऱ्याशी त्याला काही देणेघेणे नव्हते. तीनपैकी एका लेन्सवर 'कुक स्पीड पॅनक्रो' अशी अक्षरे होती हे चाचांना आठवत होते. त्या अक्षरांची किंमत मात्र त्यांना त्या दिवशी कळली.

आपल्यापैकी अनेकांची रोजीरोटी जुन्या मालावर, भंगारावर आणि दुरुस्तीच्या कामावर चालते. म्हणूनच हा विषय या पानावर घेतला आहे. जुने मूव्ही कॅमेरे आणि लेन्स जमविणे हा पूर्वी हौशी मंडळींचा नाद समजला जाई. आता तो नाद आणि धंदा यांच्या मधोमध येऊन उभा आहे आणि अजाण विक्रेत्याचे यात सर्वांत जास्त नुकसान होते.

कॅमेरा थांबला, लेन्स चालू राहिली

2010 साली म्युनिकच्या आरी कंपनीने 'अलेक्सा' हा डिजिटल कॅमेरा बाजारात आणला. 2011 पर्यंत आरी, पॅनाव्हिजन आणि आटोन या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी फिल्मवर चालणारे नवे कॅमेरे बनविणे थांबविल्याचे जाहीर झाले. 2013 साली फुजीने चित्रणाची फिल्म बनविणे बंद केले. आपल्याकडच्या लॅबही एकामागून एक बंद झाल्या. लाखो रुपयांचे कॅमेरे एकाएकी बेकार झाले, गोदामात पडले आणि तिथून बरेचसे वजनावर गेले.

परंतु डिजिटल कॅमेऱ्याचे चित्र इतके स्वच्छ आणि धारदार येते की चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ दिसते. अनेक कॅमेरामनना ते रुक्ष वाटू लागले. जुन्या लेन्समधून प्रकाश किंचित पसरतो, कडा मऊ होतात, कातडीचा रंग जिवंत वाटतो. तेव्हा त्यांनी नव्या कॅमेऱ्यावर जुनी लेन्स चढविण्यास सुरुवात केली. 2024 च्या 'ड्यून : पार्ट टू' या कोट्यवधी डॉलरच्या चित्रपटातही नव्या नळीत बसविलेल्या जुन्या सोव्हिएत लेन्स वापरल्या गेल्या. म्हणजे कॅमेऱ्याचे धड शोभेची वस्तू झाले, आणि त्याचा डोळा पुन्हा कामाला लागला. अर्थात सगळीच धडे निकामी झाली असे नव्हे. कोडॅकची फिल्म अजून निघते, 2023 चा 'ओपेनहायमर' फिल्मवरच चित्रित झाला. चालू स्थितीतला चांगला फिल्म कॅमेरा घेणारे गिऱ्हाईक आहे. पण ते थोडे आहे.

कुकचे नाव कुठून आले

इंग्लंडमधील यॉर्क येथे टी. कुक अँड सन्स ही दुर्बिणी बनविणारी पेढी होती. तिच्यातील हॅरॉल्ड डेनिस टेलर याने 1893 साली फक्त तीन काचांची एक लेन्स तयार केली. त्या काळात इतक्या थोड्या काचांत चित्राच्या कडेपर्यंत स्पष्टता आणणे म्हणजे कमाल होती. पण पेढीला दुर्बिणीतच रस होता, फोटोच्या लेन्स बनविण्याची तिची इच्छा नव्हती. मग ते काम लेस्टर शहरातील टेलर, टेलर अँड हॉब्सन या कारखान्याने उचलले. (या कारखान्याचे टेलर बंधू आणि डेनिस टेलर यांचे काही नाते नव्हते, आडनावाचा योगायोग.) लेन्स लेस्टरची, परंतु नाव यॉर्कच्या कुकचे राहिले. म्हणून जुन्या लेन्सवर दोन्ही नावे दिसतात आणि विक्रेता गोंधळतो.

'स्पीड पॅनक्रो' या नावामागेही धंद्याची गरज आहे. 1920 नंतरच्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले. स्टुडिओतले कार्बनचे आर्क दिवे घोंघावत, आणि तो आवाज ध्वनिमुद्रणात येई. मग तारेचे बल्ब आले. ते शांत, पण मंद आणि पिवळसर. त्या उजेडाला साजेशी पॅनक्रोमॅटिक फिल्म वापरात आली आणि थोड्या उजेडात चालणारी वेगवान लेन्स हवी झाली. ती कुकने दिली. पुढे अनेक वर्षे जगभरच्या स्टुडिओंत ती चालली. आज तिला इतकी मागणी आहे की कुक कंपनीने 2016 साली त्याच जुन्या रचनेवर 'पॅनक्रो क्लासिक' नावाने नव्या लेन्स पुन्हा काढल्या. नव्या निघाल्या म्हणून जुन्यांचा मान मात्र उतरला नाही.

कुकखेरीज काही नावे दुकानात काम करणाऱ्या पोरांनाही पाठ असावीत. फ्रान्सचे आंजेन्यू आणि किनोप्टिक, जर्मनीचे झाईस आणि श्नायडर, जपानचे कॅनन के-35, आणि स्वित्झर्लंडचे कर्न. यातले कर्न नाव सहज हुकते. 16 मिलिमीटरच्या बोलेक्स कॅमेऱ्यावर कर्नची 'स्विटार' लेन्स येई. बोलेक्स दिसायला सुबक असल्यामुळे त्याला गिऱ्हाईक लवकर मिळते, आणि लेन्स त्याच्यासोबत फुकट जाते. 16 मिलिमीटरची लेन्स मोठ्या सेन्सरचे पूर्ण चित्र झाकत नाही, कोपरे काळे येतात, हे खरे. तरी लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती चालते. स्विटारवर 'आरएक्स' अशी अक्षरे असतील तर ती बोलेक्सच्या रिफ्लेक्स कॅमेऱ्यासाठी, त्यातला प्रिझम हिशेबात धरून बनविलेली असते. इतर कॅमेऱ्यावर पूर्ण उघडल्यास ती थोडी मऊ दिसते. विकताना हे सांगावे.

बैठक आणि आटे

लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते त्याला माउंट म्हणतात. भाव ठरण्यात नावाच्या खालोखाल माउंटचा वाटा. माउंटच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर प्रत्येक जातीत ठरलेले असते. आरीच्या जुन्या स्टँडर्ड माउंटचे ते 52 मिलिमीटर आहे आणि आजच्या पीएल माउंटचेही 52 च. त्यामुळे मधे एक कडे घातले की आरीची जुनी लेन्स आजच्या कॅमेऱ्यावर बसते. बेल अँड हॉवेलच्या 'आयमो' कॅमेऱ्याचे अंतर 38.1 मिलिमीटर. तिथली लेन्स पीएलवर बसविल्यास दूरचे दृश्य स्पष्ट होणार नाही, काच आत घुसवली तर फिल्म कॅमेऱ्याचा फिरता आरसा तिला येऊन धडकेल. मिररलेस कॅमेऱ्यांत आरसा नसतो, म्हणून तिथे अशा लेन्सचे पुन्हा दिवस आले. नेहमीच्या 16 मिलिमीटर कॅमेऱ्यांचे सी-माउंट म्हणजे एक इंच व्यासाचे, इंचाला 32 आटे, अंतर 17.526 मिलिमीटर. हे आकडे दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवले तरी चालतील.

इथेच आपल्या लेथ कारागिरांचे काम सुरू होते. जुन्या लेन्सचे फोकसचे कडे थोडेच फिरते, दातेरी चक्र नसते, पुढचा व्यास प्रत्येकीचा वेगळा. आजच्या शूटिंगला हे चालत नाही. म्हणून काचा जुन्या ठेवून त्यांना सगळी नळी नवी बनवितात. लेस्टरची टीएलएस आणि म्युनिकची पी प्लस एस टेक्निक या कंपन्या या कामासाठी प्रसिद्ध आहेत. नवी नळी बनवायची म्हणजे आटे शतांश मिलिमीटरात कापावे लागतात. एवढी सूक्ष्मता सर्वांना जमणार नाही. परंतु माउंटचे कडे, दातेरी पट्टा, हरवलेला स्क्रू, टोपण ही कामे आपल्या वर्कशॉपमध्ये होण्यासारखी आहेत.

कारागिराशिवाय काचेला किंमत नाही याचा एक दाखला द्यावासा वाटतो. झाईसने 1966 च्या सुमारास 0.7 इतक्या मोठ्या तोंडाच्या 50 मिलिमीटरच्या दहाच लेन्स बनविल्या. बहुतेक अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी होत्या. त्यातल्या तीन दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक याने घेतल्या. 'बॅरी लिंडन' (1975) चित्रपटातली काही दृश्ये त्याला केवळ मेणबत्त्यांच्या उजेडात घ्यायची होती. पण लेन्सची मागची काच फिल्मच्या इतकी जवळ येत होती की ती कुठल्याही कॅमेऱ्यात बसेना. एड डिजुलिओ या मेकॅनिकने मिचेल कॅमेरा आतून कापून तिला जागा करून दिली, तेव्हा ती चालली.

आपल्या मातीतही असा माणूस होऊन गेला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी 1918 साली स्वतःच्या हाताने मूव्ही कॅमेरा तयार केला, शिष्य दामले यांच्या मदतीने. 1920 चा 'सैरंध्री' त्यानंतरचा. दादासाहेब फाळके यांनी 1912 साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला होता. पेंटरांनी तो बनविला.

ऐब तपासणे, ऐब सांगणे

लेन्स हाती आली की तिचे तोंड पूर्ण उघडावे आणि मागून बॅटरीचा उजेड टाकून पुढून तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात हा रोग सर्वांत जास्त. सुरुवातीची बुरशी पुसून निघते, जुनी झाली की ती काचेलाच खाते. कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर दोन काचा जोडणारा डिंक सुटत आहे असे समजावे. ती दुरुस्ती खर्चाची आहे. काही जुन्या लेन्सच्या काचेत थोरियम असते, ती कालांतराने पिवळी पडते. तो पिवळेपणा पुष्कळदा काही दिवस उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली ठेवल्याने कमी होतो. लेन्स चामड्याच्या पेटीत साठवू नये; चामडे ओल धरते. पेटी वेगळी जपावी, कारण संग्राहकाला तीही हवी असते.

चमकविण्याची आपली सवय इथे घात करते. आम्ही स्वतः एकदा एका पितळी लेन्सचे कडे पितळ चमकविण्याच्या पेस्टने घासून आरशासारखे केले होते. मूळचे लाखेचे आवरण गेले, कोरलेल्या आकड्यांतला काळा रंग गेला, आणि ठरलेले गिऱ्हाईक हात न लावता परत गेले. काचेवर निळी-जांभळी झाक असते, ते आवरण असते. झाईसने ते 1935 साली शोधले. ते घासून काढले तर लेन्सची निम्मी अब्रू गेली. धूळ फुंकणीने उडवावी, बाकी काम जाणकारावर सोडावे. बिलावर लेन्सचा नंबर आणि तिचा ऐब दोन्ही लिहावे. या धंद्यात गिऱ्हाईक थोडे आहे आणि सगळे एकमेकांना ओळखतात. लपविलेला ऐब महिन्याभरात मुंबईभर होतो.

नकलीही पुष्कळ आहेत. 2022 साली जर्मनीच्या वेट्झलार येथे लायकाच्या सर्वांत सुरुवातीच्या मालिकेतला एक कॅमेरा 1 कोटी 44 लाख युरोला गेला. ती बातमी आल्यापासून प्रत्येक जुना लायका लाखमोलाचा वाटतो. पण खारकिव्ह येथे 1934 पासून बनलेले 'फेड' आणि मॉस्कोजवळचे 'झोर्की' हे सोव्हिएत कॅमेरे लायकाचीच नक्कल. त्यांच्यावर लायकाचे नाव कोरून, सोनेरी मुलामा देऊन ते विकले जातात. लेन्स काढून आत डोकावावे : लायकात अंतर मोजणाऱ्या दांडीच्या टोकाला फिरते चाक असते, फेडमध्ये पाचरीसारखा तुकडा असतो. सजावटीसाठी बनविलेले पितळी मूव्ही कॅमेरेही 'ॲन्टिक' म्हणून खपविले जातात. त्यांत फिल्म ओढणारी यंत्रणाच नसते.

कॅमेऱ्यात किंवा डब्यात जुनी फिल्म निघाली तर दुकानात उघडू नये, दिव्याजवळ ठेवू नये. साधारण 1951 पूर्वीची 35 मिलिमीटरची फिल्म नायट्रेटची असू शकते आणि ती एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. फेकूनही देऊ नये. चांदी काढण्यासाठी आपल्याकडे किती रिळे धुतली गेली याचा हिशेब नाही. 1931 च्या 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. अशी फिल्म सापडली तर पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय किंवा मुंबईचे फिल्म हेरिटेज फाउंडेशन यांना कळवावे.

परदेशी गिऱ्हाईक आले तर आणखी एक गोष्ट पाहावी. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठविता येत नाही. फाळक्यांच्या काळातले विल्यमसन, देब्री किंवा बेल अँड हॉवेलचे कॅमेरे आता या मर्यादेत येऊ लागले आहेत. वयाची शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र आधी घ्यावे, आणि ते हातात आल्यावरच बयाणा घ्यावा.