मन नव्हे, बळ मोजा : यशवंतरावांचा धडा

सातारा-सांगलीकडच्या घरांना आंतरराष्ट्रीय राजकारण लांबचे नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे (मिलिटरी) गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. दिल्लीचा अंदाज चुकला की त्याची किंमत अशा गावांनी मोजायची. म्हणूनच संरक्षणाच्या प्रश्नात मी जुन्या, सावध विचाराच्या बाजूचा आहे. शेजाऱ्याच्या मनात काय आहे यावर विसंबू नये, त्याच्या हातात काय आहे ते पाहावे.

१९६२ पूर्वी आपण नेमके उलटे केले. चीन मोठा हल्ला करणार नाही, हे धरून चाललो. पूर्व विभागाचे सेनाप्रमुख लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात हे कोल्हापूरकडचे. त्यांनी १९६० साली ‘लाल किल्ला’ या सरावातून दाखवून दिले होते, की चीन उतरला तर हाताशी असलेल्या फौजेनिशी नेफा राखता येणार नाही. इशारा कागदावरच राहिला. ऑक्टोबर १९६२ मध्ये तो खरा ठरला. मन एका रात्रीत बदलते. डोंगरात लढणारी फौज उभी करायला मात्र वर्षे लागतात.

त्या पराभवानंतर संरक्षण खाते यशवंतराव चव्हाणांकडे आले. त्यांचा जन्म १९१३ चा, देवराष्ट्रे गावचा. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे कौतुक झाले. पण त्यांचे खरे काम भाषणांत नव्हते, हिशेबात होते. १९६४ च्या पंचवार्षिक संरक्षण योजनेत सव्वाआठ लाखांचे भूदल, ४५ स्क्वाड्रनचे हवाई दल आणि डोंगरी लढाईसाठी खास डिव्हिजन ठरल्या. अमेरिकेने एफ-१०४ विमाने नाकारली, तेव्हा मिग-२१ साठी रशियाशी बोलणी पुढे नेली. योजना पुरी होण्याआधीच १ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानी रणगाडे छांबमध्ये घुसले. चव्हाणांनी हवाई दलाला परवानगी दिली आणि त्याच संध्याकाळी आपली विमाने झेपावली.

शस्त्रांवरचा पैसा शाळा-धरणांतून कापला जातो, हा आक्षेप खरा आहे. तो खर्च सोसावा लागतो, कारण नुसती हमी पुरत नाही. युक्रेनने १९९४ साली अण्वस्त्रे सोडली. बदल्यात त्याच्या सीमांचा मान राखू, असे रशियाने अमेरिका व ब्रिटनसह लिहून दिले. २०१४ मध्ये क्रिमिया गेला, २०२२ मध्ये सगळ्या देशावरच चाल झाली.

मात्र सावधपणा म्हणजे युद्धाची हौस नव्हे. जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रीजींबरोबर ताश्कंदला तहासाठी गेलेल्यांत चव्हाणही होते. सज्ज असणाऱ्यालाच तह शोभतो. तेव्हा हस्तांदोलनाचे फोटो पाहून हुरळू नये आणि दूरदर्शनवरच्या रणगर्जनांनी पेटूही नये. सीमेवर रस्ते किती झाले, दारूगोळा किती दिवस पुरेल, एवढे विचारावे. ज्यांची मुले तिथे उभी आहेत, त्यांना हे विचारण्याचा पहिला हक्क आहे.